कुलूप पक्कं, पण किल्ली कोणाकडं?

(आपल्या रेडिओवर झालेलं हे बोलणं. ठिपक्यांचा भाग नुसता ऐकून ध्यानात राहत नाही, म्हणून छापताना तो सावकाश दिला आहे. वही-पेन्सिल जवळ असू द्या.)



गटांच्या बैठकांत एक प्रश्न फिरून फिरून येतो. व्हॉट्सॲपवर नव्या माणसाशी बोलायला लागलं की वर एक ओळ उमटते. हे बोलणं फक्त तुम्हा दोघांनाच वाचता येईल, व्हॉट्सॲपलासुद्धा नाही, अशा अर्थाची. बँकेच्या संकेतस्थळावर बारीकसं कुलूप दिसतं. मग बाया विचारतात, हे खरं का? आणि खरं असेल तर लोकांचे पैसे रोज जातात कसे?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. काही गट घाबरून फोनला हातच लावत नाहीत, आणि काही गटांनी पासबुकाच्या फोटोपासून सगळ्यांच्या आधार क्रमांकापर्यंत सगळं एका ग्रुपवर टाकून दिलंय. दोघींनाही त्या कुलपाच्या आत काय आहे ते कोणी सांगितलेलं नाही. आज ते बघू. थोडं गणित लागेल, पण ज्या बाईला व्याजाचा हिशोब तोंडी येतो तिला हे जड जायचं कारण नाही.

सुरुवात आपल्या भोरपासूनच करते. भोरचे राजे ‘पंतसचिव’ का म्हणवले जायचे? सचिव हे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतलं एक पद. आधी त्याला सुरनीस म्हणत. दरबारातून निघणारं पत्र तपासणं, त्यात अक्षर कमी-जास्त झालंय का ते बघणं, ते खरं असल्याची खूण करणं आणि महालांचे हिशोब तपासणं हे सचिवाचं काम. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि पुढं त्यांच्या घराण्याचं भोर संस्थान १९४८ पर्यंत चाललं. म्हणजे आपलं संस्थान ज्या पदावरून उभं राहिलं ते पदच मुळी ‘हे पत्र खरं का’ हे ठरवणारं होतं. जुन्या पत्रांवर वर शिक्का असायचा, आणि मजकूर संपला की शेवटी लहान मोर्तब, म्हणजे त्याच्याखाली कोणी दोन ओळी घुसडू नयेत. ‘शिक्कामोर्तब झालं’ असं आपण अजून म्हणतो ते यावरूनच.

आता फोनकडं या. तुमच्या फोनवरून निघालेला संदेश हवेतून जवळच्या टॉवरला जातो, तिथून तारांमधून कुठल्या कुठं फिरतो. वाटेत शंभर ठिकाणी तो कोणालाही उचलता येतो. तेव्हा दोन गोष्टी हव्यात. एक, उचलला तरी वाचता येऊ नये. दुसरी, ज्याच्या नावानं आला त्यानंच पाठवलाय याची खूण असावी. पहिली झाली गुप्तता आणि दुसरं शिक्कामोर्तब. आज जगभरात ही दोन्ही कामं एका विशिष्ट गणितावर मोठ्या प्रमाणात चालतात. त्याचं नाव इलिप्टिक कर्व्ह. मराठीत लंबवर्तुळी वक्र म्हणतात, पण नाव फसवं आहे, त्या वक्राचा आकार लंबगोल नसतोच. १९८५ मध्ये नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर या दोन गणितज्ञांना, एकमेकांना न विचारता, हे सुचलं की या वक्रापासून कुलूप बनवता येईल.

वहीत ठिपक्यांच्या रांगोळीसारखे ठिपके काढा. आडवे १७, उभे १७. आडव्या ओळीला ० ते १६ आकडे द्या, उभ्या ओळीलाही ० ते १६. आता सगळे ठिपके नको आहेत, काहीच निवडायचे आहेत, आणि त्यासाठी नियम आहे. आडवा आकडा घ्यायचा, त्याचा घन करायचा, त्यात त्या आकड्याची दुप्पट मिळवायची, वर आणखी २ मिळवायचे. जे येईल त्यातून १७-१७ चे गठ्ठे काढून टाकायचे आणि उरलेलं बघायचं. घड्याळात दहा वाजल्यानंतर चार तासांनी आपण चौदा न म्हणता दोन म्हणतो ना, बाराचा गठ्ठा काढून? इथं घड्याळ सतराचं. उभ्या आकड्याचा वर्ग करून त्यातूनही असेच गठ्ठे काढायचे. दोन्हीकडं उरलेलं सारखं आलं तर तो ठिपका आपला.

करून बघा. आडवा ५, उभा १. पाचाचा घन १२५, त्यात १० आणि २ मिळवले की १३७. सतराचे आठ गठ्ठे १३६, उरला १. एकाचा वर्गही १. जमलं, म्हणून (५, १) हा ठिपका आपला. असे एकूण १८ ठिपके निघतात. त्यांना रंग द्या. काही नक्षी दिसते का? फारशी नाही, कुंकू सांडल्यासारखे विखुरलेले दिसतात.

गंमत पुढं आहे. यातल्या कोणत्याही दोन ठिपक्यांची ‘मिळवणी’ करता येते. त्याची रीत ठरलेली आहे आणि उत्तर म्हणून याच अठरांतला एखादा ठिपका येतो. (एकच अपवाद. काही जोड्यांचं उत्तर ‘कुठलाच नाही’ येतं, ते आपलं शून्य.) रीत इथं देत नाही, तिला पानभर लागेल. मी हातानं केलेले आकडे देते. (५, १) स्वतःतच मिळवला की (६, ३). आणखी एकदा मिळवला की (१०, ६). चौथ्यांदा (३, १). पाचव्यांदा (९, १६). ही उडी कुठून कुठं जातेय बघा. आधी शेजारी पडते, मग लांब, मग उलटी मागं, मग एकदम वरच्या टोकाला. कोणी तुम्हाला नुसतं सांगितलं, ‘मी (५, १) पासून निघाले आणि (९, १६) वर पोचले, किती वेळा मिळवणी केली ते ओळख’, तर एकेक मोजत जाण्यावाचून चालत नाही.

यावरून दोघींचं गुपित कसं तयार होतं ते ऐका. एक ताई भोरची, एक वेल्ह्याची. (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण बोलताना तोंडात वेल्हेच येतं.) दोघींना सुरुवातीचा ठिपका माहीत आहे, तो साऱ्या जगालाच माहीत आहे. भोरची ताई मनात ३ धरते आणि (१०, ६) वर पोचते. वेल्ह्याची ताई मनात ५ धरते आणि (९, १६) वर पोचते. मनातला आकडा कोणी कोणाला सांगत नाही. पोचलेला ठिपका मात्र दोघी भर बाजारात ओरडून सांगतात. आता भोरची ताई वेल्ह्याचा ठिपका घेऊन तो ३ वेळा मिळवते. वेल्ह्याची ताई भोरचा ठिपका ५ वेळा मिळवते. एकीचं पाच त्रिक पंधरा, दुसरीचं तीन पाचे पंधरा. दोघी (३, १६) या एकाच ठिपक्यावर येतात. बाजारात उभ्या असलेल्या चोरानं दोन्ही ठिपके ऐकले, पण ३ आणि ५ काही ऐकले नाहीत. हा सामाईक ठिपका म्हणजेच दोघींच्या पेटीची किल्ली.

आपल्या वहीत १८ ठिपके आहेत, चोर मोजून काढेल. फोनमधल्या रांगोळीत ठिपक्यांची संख्या सुमारे ७७ आकडी आहे. १ लिहून त्यापुढं ७६ शून्यं काढा, साधारण तेवढी. मालकाला मात्र एकेक उडी मारावी लागत नाही, कारण दुपटी करत जाता येतं. २, मग ४, मग ८, मग १६. अडीचशेच्या आसपास दुपटी झाल्या की काम झालं, फोनला त्यासाठी क्षणभरही लागत नाही. उलट दिशेला असा जवळचा रस्ता कोणाला सापडलेला नाही. आजवर माहीत असलेल्या सगळ्यात हुशार रीतीनंसुद्धा ३८ आकडी इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात.

‘सापडलेला नाही’ असं म्हटलं, ‘असूच शकत नाही’ असं म्हटलं नाही. इथं थांबायला हवं. हे कुलूप फुटणं अशक्य आहे, हे कोणी सिद्ध केलेलं नाही. जाहिरातीत ‘शंभर टक्के सुरक्षित’ लिहितात तसं गणितज्ञ लिहीत नाहीत. त्यांचा भरवसा चाळीस वर्षांच्या मारहाणीवर आहे. जगातली हुशार डोकी या कुलपावर घण घालतायत आणि ते टिकून आहे. मधल्या काळात काही खास जातीचे वक्र कच्चे निघाले, ते बाद झाले. एका कॅनेडियन कंपनीनं १९९७ मध्ये मुद्दाम लहान कुलपं करून ‘फोडून दाखवा’ असं आव्हान दिलं होतं. त्यातलं १०९ बिटचं एक कुलूप २००२ मध्ये फुटलं. त्यासाठी सुमारे दहा हजार संगणक ५४९ दिवस चालले. आपल्या फोनमधलं कुलूप २५६ बिटच्या आसपास असतं. म्हणजे दुपटीपेक्षा थोडं जास्तच ना, असं वाटेल. तसं नाही. दर दोन बिट वाढले की फोडायचं काम दुप्पट होतं. दहा हजार संगणकांचं दीड वर्षाचं काम दुप्पट करा, मग त्याची दुप्पट, असं सत्तर-बहात्तर वेळा. भाताचा एक दाणा घेऊन सत्तर वेळा दुप्पट केला तर आख्खी पृथ्वी भातानं भरली तरी दाणे उरतील का, हा हिशोब मुलांना घालायला चांगला आहे.

मग गणित एवढं मजबूत असताना घोटाळा होतो कुठं?

पहिली जागा म्हणजे मधली बाई. वर मी म्हटलं, दोघी ठिपके ओरडून सांगतात. पण भोरच्या ताईला जो ठिपका मिळाला तो वेल्ह्याच्या ताईचाच कशावरून? कापूरहोळच्या फाट्यावर तिसरीच बाई उभी राहिली, भोरकडं तोंड करून ‘मी वेल्ह्याची’ म्हणाली आणि वेल्ह्याकडं तोंड करून ‘मी भोरची’, तर? ती दोघींशी वेगवेगळी किल्ली करेल, इकडचं उघडून वाचेल, पुन्हा बंद करून तिकडं देईल. गणितात एक चूक नाही आणि गुपित मात्र उघडं पडलं. म्हणून ओळख पटवणं वेगळं लागतं. व्हॉट्सॲपमध्ये त्याची सोय आहे, ती फार कमी जणींना ठाऊक आहे. समोरच्या माणसाच्या नावावर दाबा, खाली ‘एन्क्रिप्शन’ असं दिसेल. ते उघडलं की पाच-पाच आकड्यांचे बारा गट दिसतात, एकूण ६० आकडे. ते दोघींच्या ठिपक्यांवरून तयार होतात. दोघी समोरासमोर बसून आपापल्या फोनवरचे ६० आकडे ताडून बघा. जुळले तर मध्ये कोणी नाही. एकीनं फोन बदलला किंवा व्हॉट्सॲप पुन्हा टाकलं तर हे आकडे बदलतात, त्यात घाबरायचं कारण नाही. पण काही कारण नसताना बदलले, तर पैशाचं बोलण्याआधी साधा फोन लावून तिचा आवाज ऐका.

बँकेच्या संकेतस्थळांचं काय? तिथं आपण कोणाच्या दारात जाऊन आकडे ताडणार? तिथं काही संस्था सचिवाचं काम करतात. ‘हा ठिपका अमुक संकेतस्थळाचाच’ असं त्या शिक्कामोर्तब करून देतात. ते तपासून झालं की ब्राउझर कुलूप दाखवतो. पण त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि ते पान यांच्यामधली वाट बंद आहे. पान चोराचं असेल तरी त्यावर कुलूप दिसतं, कारण चोरालाही स्वतःच्या पानासाठी तो शिक्का रीतसर मिळतो. सरकारी योजनेसारखं नाव घेतलेलं खोटं पान उघडलं तर तुमचा आधार क्रमांक अगदी सुरक्षितपणे, वाटेत कोणाला न दिसता, थेट चोराच्या हातात पडतो. म्हणून कुलूप बघण्याआधी पत्ता वाचायचा. महाराष्ट्र सरकारच्या पानांचा पत्ता शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो.

शिक्कामोर्तबाचा दुसरा नमुना तुमच्या घरात असेल. २०१८ पासून आपल्याकडं डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. त्यावर तलाठी भाऊसाहेबांची शाईची सही नसते, तरी तो चालतो, कारण २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं डिजिटल सहीला मान्यता दिली आहे. अशा सह्या कुठं या वक्रांवर चालतात, कुठं आरएसए नावाच्या १९७७ च्या जुन्या गणितावर. दोन्हींत तत्त्व एकच. सही करणाऱ्याकडं मनातला आकडा, जगाकडं त्याचा उघडा ठिपका. मजकुरातलं एक अक्षर जरी हललं तरी सही जुळत नाही. मोर्तबानं फक्त शेवट राखला जायचा, ही सही प्रत्येक ओळ राखते.

पण सही करणारा आळशी असेल तर? वक्रावरच्या सहीची एक अट असते. मनातल्या कायमच्या आकड्याखेरीज दर सहीला एक ताजा गुप्त आकडा घ्यायचा, तो पुन्हा वापरायचा नाही. सोनी कंपनीच्या खेळाच्या यंत्रात प्रत्येक सहीला तोच तो आकडा वापरला गेला. डिसेंबर २०१० मध्ये काही तरुणांनी बर्लिनच्या एका परिषदेत हे उघड केलं. दोन सह्या समोर ठेवल्या की शाळेतल्या समीकरणांसारखी वजाबाकी करून कायमचा आकडा निघतो. एवढं मजबूत कुलूप, ते असं वहीच्या एका पानावर उघडलं.

तिसरी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती विश्वासाची आहे. सुरुवातीचा ठिपका साऱ्या जगाला माहीत असतो म्हटलं, पण तो निवडला कोणी? आणि तोच का? २००६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनं ‘ताजे गुप्त आकडे’ तयार करण्याच्या चार पद्धती जाहीर केल्या. त्यातली एक वक्रावर आधारलेली होती. तिच्यात दोन ठिपके ठरवून दिलेले होते आणि ते कुठून आले याचा खुलासा नव्हता. २००७ मध्ये डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन या दोघांनी दाखवलं की या दोन ठिपक्यांत किती उड्यांचं अंतर आहे हे ज्याला माहीत असेल, त्याला पुढचे सगळे ‘गुप्त’ आकडे आधीच ओळखता येतील. म्हणजे कुलूप करणाऱ्यानंच जादा किल्ली ठेवून घेण्याची सोय. ठेवली होती का? तेव्हा कोणाला सांगता आलं नाही. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं बाहेर काढलेल्या कागदांवरून बातम्या आल्या की अमेरिकेच्या हेर खात्यानं असं केलं होतं. मानक संस्थेनं लगेच ही पद्धत वापरू नका म्हणून सांगितलं आणि २०१४ मध्ये ती काढून टाकली.

हे सात समुद्रांपलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. गटात आपण पेटीला दोन किल्ल्या का ठेवतो, त्या दोन वेगळ्या घरांत का असतात, वहीवर तिघींच्या सह्या का लागतात? कारण अध्यक्ष चांगली आहे एवढ्यावर व्यवहार चालत नाही. गणिताच्या लोकांनीही तोच धडा घेतला. त्याच मानक संस्थेचे दुसरे वक्र आजही फार ठिकाणी वापरात आहेत. त्यांत दोष कोणाला सापडलेला नाही, पण त्यांचे मूळ आकडे नेमके कसे निवडले हे नीट सांगितलेलं नाही, म्हणून जाणकार अजून कुरकुरतात. त्यामुळं २००५-०६ च्या सुमारास डॅनियल बर्नस्टाइन यांनी मांडलेल्या एका वक्राची किंमत वाढली. त्याचं नावच त्याच्या आकड्यावरून पडलं, कर्व्ह २५५१९. एकाची २५५ वेळा दुप्पट करा आणि त्यातून १९ वजा करा, तेवढ्या मोठ्या आकड्याचं त्याचं घड्याळ. हाच आकडा का, सुरुवातीचा ठिपका हाच का, याची कारणं उघडपणे लिहून ठेवलेली आहेत, कोणीही तपासावीत. तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये हाच वक्र आहे. २०१६ च्या एप्रिलपासून व्हॉट्सॲपनं सगळ्यांचे संदेश अशा कुलपात घातले.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की वाटेतल्या कुलपाबद्दल ती वरची ओळ खरी आहे. कुलूप उघड्या नकाशावर बनलंय ही त्यातली जमेची बाजू. व्हॉट्सॲपचा सगळा कार्यक्रम मात्र असा उघडा नाही. तिथं कंपनीच्या शब्दावर काही भार पडतोच, हेही ध्यानात असू द्या. आणि तुम्ही कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोललात ही माहिती या कुलपात येत नाही.

आता दुसरा प्रश्न, पैसे जातात कसे. पुण्याचंच उदाहरण घ्या. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. काही तासांत जगातल्या २८ देशांतल्या एटीएममधून आणि आपल्याकडं कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा शहरांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. सोमवारी १३ तारखेला आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. यात कोणी गणित फोडलं? कोणीच नाही. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘या खात्यात पैसे आहेत का, देऊ का’ असा प्रश्न बँकेकडं जातो. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून तो प्रश्न वाटेतच आपल्याकडं वळवला आणि खोट्या यंत्रणेनं प्रत्येक वेळी ‘हो, द्या’ असं उत्तर दिलं. सचिवाच्या खुर्चीत तोतया बसवला. त्यानं केलेलं शिक्कामोर्तब खरंच दिसत होतं. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, तोटा बँकेचा झाला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली.

आपल्यापर्यंत येणारे चोर एवढे मोठे नसतात, पण रीत तीच. ते कुलपाच्या वाटेला जातच नाहीत, किल्ली मागतात. ‘ताई, चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडे आलेत, जरा सांगा’ म्हणून. ते सहा आकडे दिले की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर सुरू होतं आणि गटाच्या ग्रुपवर तुमच्या नावानं निरोप पडतो, ‘दवाखान्यात आहे, पाच हजार टाका’. तुमच्या बहिणी टाकतातही. यूपीआयचा पिन तसाच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. ‘पैसे येतील, पिन टाका’ म्हणणारा चोरच.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘खाते’ उघडून दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, म्हणजे ते सहा आकडे गेले तरी तुमचा वेगळा पिन मध्ये आडवा येतो. ‘लिंक केलेली उपकरणं’ महिन्यातून एकदा उघडून बघा. तिथं तुम्हाला ठाऊक नसलेला संगणक दिसला तर काढून टाका, कारण फोन पाच मिनिटं हातात मिळाला तरी कोणाला तो जोडता येतो. आणि संदेशांची प्रत गूगलवर साठत असेल तर तिला वेगळं कुलूप आपण होऊन लावावं लागतं, ते आपोआप लागत नाही.

फोन हातात मिळण्यावरून एक नाजूक गोष्ट बोलते. आपल्याकडं किती बायांचा फोन खरंच त्यांचा असतो? सिम नवऱ्याच्या नावावर, पिन मुलाला पाठ, अंगठा लावायला पुतण्या. वक्राचं कुलूप लांबच्या चोराला अडवतं. ज्याच्या हातात उघडा फोन आहे त्याच्यासाठी ते नसतंच. घरच्यांवर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पण गटाचे पैसे घरचे नसतात, ते वीस जणींचे असतात. जिच्या फोनवर गटाच्या खात्याचा व्यवहार चालतो तिनं त्याचा पिन घरातही सांगू नये, असा ठराव गटानं वहीत लिहून ठेवला तर त्या बाईला घरात ‘गटाचा नियम आहे’ असं म्हणता येतं. तिला आधार होतो.

क्वांटम संगणक आला की हे सगळं मोडणार, असं काहींनी ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं की तशा यंत्राला हा उलटा रस्ता सापडेल. एवढं मोठं यंत्र आज कोणाकडं असल्याचं दिसत नाही. तरी तयारी चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या त्याच मानक संस्थेनं नव्या गणिताची तीन मानकं जाहीर केली, यावेळी जगभरच्या लोकांकडून काही वर्षं उघडपणे तपासून घेऊन. आपल्या सरकारनंही २०२३ मध्ये सहा हजार कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. आजचा ओटीपी उद्या कामाचा नसतो, तेव्हा त्याची चिंता नको. आजाराचे कागद, आधारची माहिती अशा वीस वर्षांनीही खऱ्या राहणाऱ्या गोष्टी मात्र कोणी आज उचलून ठेवेल आणि तेव्हा उघडेल. त्या ग्रुपवर टाकताना हात आखडता घ्या.

आणि पैसे गेलेच, तर रडत बसण्याआधी १९३० हा नंबर लावा. देशभरासाठी तो एकच आहे. जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. बोलताना हे हाताशी ठेवा: कोणत्या बँकेतून गेले, किती वाजता, किती रक्कम, बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक, आणि ज्या नंबरवरून फोन आला तो. चोराचा संदेश शरमेनं पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे. आपल्या खोऱ्यात आत गेलं की रेंज जाते, तेव्हा हा नंबर आणि बँकेच्या शाखेचा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर शाईनं लिहून ठेवा, म्हणजे चढावर किंवा फाट्यावर जाऊन दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून लावता येईल.